मुदत उलटलेलं खोकं

जहाजावरून,
मंगळवार, ७ मे

अहो,

आधी "स. न. वि. वि." लिहिलं होतं, ते खोडलं. मी काही तुमच्या दुकानाला माल पुरवणारी कंपनी नाही. मग "प्रिय" लिहिलं, तेही खोडलं, कारण सध्या ते खोटं झालं असतं. म्हणून नुसतंच "अहो". खाडाखोड दिसेल, पण पान बदलणार नाही. माझ्या छंदात खाडाखोडीवरच रंग चढवतात.

आम्ही दोघी खुशाल आहोत. तुमची खुशाली विचारत नाही, कारण ती आईंच्या फोनवर दर दोन तासांनी येते आहे. कुकरची रिंग फडताळाच्या वरच्या कप्प्यात, पिठाच्या डब्यामागे आहे. इतकी वर्षं तिथेच आहे.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुम्ही म्हणाल. फोनवर माझं वाक्य अर्ध्यावर आलं की तुम्ही "बरं, ते जाऊ दे" म्हणता. कागदाला तसं म्हणता येत नाही. पोस्टाने हे पोचेपर्यंत आम्हीच परत येऊ, म्हणून आई पानांचे फोटो काढून तुम्हाला पाठवणार आहेत. आत्ता त्या माझ्या खांद्यावरून, "मी काही वाचत नाही हं" म्हणत सगळं वाचताहेत.

तर, काल तुम्ही त्यांना विचारलंत, "ती अजून त्या खोक्यावरून रागावली आहे का?"

अजून! जसं काही माझा राग म्हणजे तुमच्या दुकानातलं खोकल्याचं औषध, उघडल्यावर महिनाभरात संपवायचं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुकानातली कपाटं उघडून मुदत उलटलेल्या पट्ट्या नि बाटल्या बाजूला काढायच्या, ही तुमची सवय चांगलीच आहे. गिऱ्हाइकं त्यामुळे सुखरूप आहेत. पण त्या रविवारी काम लवकर आटोपलं, हात शिवशिवत होते, म्हणून तुम्ही घरातलं कपाट उघडलंत. आतलं माझं खोकं काढलंत. बसची तिकिटं, सिनेमाची तिकिटं, चहाच्या पुड्यांचे कागद, गंजलेले वॉशर, जुन्या कपड्यांची लेबलं, सगळं टेबलावर मांडून, चष्मा लावून एकेकावरची तारीख वाचलीत. सगळ्याच तारखा उलटलेल्या! मग दुसरं काय करणार? भंगारवाल्याला हाक मारलीत.

मी इतकी वर्षं वह्यांमधून काय करते, हे तुम्हाला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. "मिक्स्ड मीडिया आर्ट जर्नल" म्हटलं की तुम्ही पाहुण्यांना सांगता, "हिची चिकटवही." एका पानावर पांढरा थर द्यायचा, त्यावर कागद चिकटवायचे, त्यावर रंग, त्यावर शाई, मधूनच खरवडायचं, म्हणजे खालचं थोडं वर दिसतं. त्या खोक्यातले कागद मी अजून कुठेच वापरले नव्हते. त्यांच्यासाठी योग्य पान सापडत नव्हतं.

आणि वर तुम्ही जे म्हणालात ते... असो.

या जहाजाची दोन तिकिटं तुम्ही-आम्ही मिळून काढली होती. तुमच्या जागी मी आईंचं नाव घातलं, त्याचा मला अजून पश्चात्ताप नाही. (हे वाचून आई म्हणाल्या, "थांब, दोन दिवसांनी होईल.") निघताना दारात मी "जाते" म्हणाले. आईंनी चपला घालता घालता दटावलं, "येते म्हण." मी म्हटलं नाही. तुम्ही तेव्हा बॅगांचं वजन करत होतात.

म्हणून आता स्पष्टच लिहिते. मागच्या गल्लीत स्टेशनरीच्या दुकानावर जी खोली आहे ना, तिची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. खिडकी मोठी आहे, नळ आहे, एका भिंतीला ओल आहे. दुकानवाल्या बाईंना सोमवारी उत्तर द्यायचं आहे. सोमवारीच आमचं जहाज परत लागतं. बंदरावरून मी तुमच्याकडे येईन की त्या खोलीवर जाईन, हे माझं मलाच ठरलेलं नाही.

कळावे. लोभाचं नंतर बघू.

मी


जहाजावरून,
गुरुवार, ९ मे

अहो,

आईंचं भाकीत खरं ठरलं. दोन दिवसही लागले नाहीत.

तुमच्या मातोश्रींनी चिकटवही धरली आहे.

दोष माझाच. इथे सहाव्या मजल्यावर रोज सकाळी आर्ट जर्नलचा वर्ग असतो. मी निघाले तर म्हणाल्या, "मी एकटी इथे काय करू? समुद्राकडे किती वेळ बघायचं? तो काही बोलत नाही." म्हणून घेऊन गेले. शिकवणाऱ्या बाई फार गोड बोलतात. प्रत्येकीला एक पाकीट देतात. त्यात छापील तिकिटं, छापील पोस्टाचे शिक्के, कडा आधीच जळल्यासारखे केलेले कागद. आईंनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि मला खणखणीत आवाजात विचारलं, "म्हणजे कचरा विकत घ्यायचा? आणि तोही नवा?" बाईंना भाषा कळत नाही, पण सूर कळला.

तेव्हापासून खरा कचरा गोळा करणं सुरू आहे.

काल एका बंदरात उतरलो. पांढरी घरं, निळी दारं, चढच चढ. बाकीची माणसं वर जाऊन समुद्राचे फोटो काढत होती. तुमच्या मातोश्री खाली बघून चालत होत्या. बाटलीचं बूच, फरशीचा तुकडा, कुणाच्या तरी चपलेचं बक्कल, लिंबाच्या झाडाची पानं, एका भिंतीवरून अर्धवट सुटलेली जाहिरात. ती जाहिरात त्यांनी नखाने सोडवली हो! मी आजूबाजूला पोलीस दिसतो का ते बघत उभी. गुडघे दुखतात म्हणून घरी दोन पायऱ्या चढत नाहीत, आणि इथे एका गंजक्या खिळ्यासाठी रस्त्यात उकिडव्या बसल्या.

केबिन केवढी, तर आपल्या न्हाणीघराहून थोडी मोठी. दोन पलंग, मध्ये एक पाय मावेल एवढी जागा, एक आरसा. आरशाला ओली पानं चिमट्यांनी अडकवलीत. दिव्यावर वाळत घातलेला कागद. माझ्या उशीवर गोंद. केस वाळवायच्या यंत्राने त्या रंगाचे थर वाळवतात, आणि ते इतका वेळ चालवतात की शेजारच्या केबिनमधल्या गृहस्थांनी भिंतीवर ठोठावलं. आईंनीही उलट ठोठावलं. त्यांना वाटलं, तो नमस्कार आहे.

आणि वर शिकवतात मला. मी वह्या करतेय कधीपासून, आणि त्या माझ्या पानाकडे बघून म्हणतात, "तुझं फार नीटनेटकं असतं गं. बाब्यासारखं."

बाब्यासारखं! मी रागाने ब्रशच खाली ठेवला. छप्पन्न वर्षांच्या माणसाला अजून बाब्या म्हणणारी आई आणि "आपला तो बाब्या" ही म्हण, दोन्ही एकाच घरात नांदतात. पण यावेळी म्हण उलटी फिरली. तुमची बाजू घ्यायची सोडून त्या मला तुमच्या पंगतीत बसवताहेत.

तुम्ही त्यांना विचारलंत, "सकाळची गोळी घेतली का?" घेतली. मी दिली. गोळीची रिकामी पट्टी त्यांनी वहीत लावली, आता तिला सोनेरी रंग देताहेत. तुम्ही दिवसांच्या नावाची लेबलं लावलेली ती डबी मात्र वाचवून ठेवली आहे, तीही जाणार होती.

बाकी विशेष नाही. समुद्र चांगला आहे. खोलीतल्या पडद्यावर समुद्राचा नकाशा दिसतो आणि त्यावर आपलं जहाज मुंगीच्या पावलाने सरकत असतं. तुम्हाला आवडलं असतं, वेग किती, खोली किती, सगळं लिहून येतं. मी तो पडदा बंद करायला विसरते, एवढंच.

वैतागलेली,
मी


जहाजावरून,
शनिवार, ११ मे

अहो,

हे पान आईंना वाचायला दिलेलं नाही. फोटो मात्र त्याच काढतील, त्यामुळे वाचतीलच. वाचू देत.

परवा आम्ही कोळ्यांच्या धक्क्यावर गेलो होतो. तिथून आईंनी मासे धरायच्या जाळ्याचा एक तुकडा आणला. हातभर लांब, हिरवट, मधे मधे खवले अडकलेले. मी म्हटलं, "आई, हे नको." म्हणाल्या, "धुते ना मी." धुतलं म्हणजे काय, तर काल सकाळी बेसिनमध्ये साबणाच्या पाण्यात भिजत घातलं आणि वर नाश्त्याला निघून गेल्या. मी दात घासायला गेले. सगळी केबिन मासळीबाजार झालेली. आरशाला चिमटे, उशीवर गोंद आणि बेसिनमध्ये ते. माझं डोकं फिरलं. दोन बोटांत धरून ते जाळं उचललं, पिशवीत कोंबलं आणि बाहेर साफसफाईवाल्या मुलीच्या गाडीवरच्या कचऱ्यात टाकलं. हात धुतले. खिडकीपाशी उभी राहिले. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

आई आल्या. बेसिन बघितलं, बेसिनखाली बघितलं, टॉवेल हलवून बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "टाकलं मी. माझ्या खोलीत असला कचरा चालायचा नाही."

पुढचं सांगायला हवं का?

तुम्हीही हेच म्हणाला होतात. त्या रविवारी मी रिकाम्या कप्प्यासमोर उभी होते, तुम्ही हात पुसत होतात आणि म्हणालात, "माझ्या घरात असला कचरा चालायचा नाही." खोकं गेलं त्याचं दुःख आहेच, पण खोक्यासाठी कुणी खोली बघायला जात नाही. मी खोली बघायला गेले ती त्या एका शब्दासाठी. इतकी वर्षं मी पडदे कुणाच्या घराचे शिवले? दुकानाच्या गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या वाचल्या, संध्याकाळी येऊन पुन्हा चूल पेटवली, ती कुणाच्या घरात? हे तुम्हाला तेव्हाच विचारायचं होतं. तोंडातून शब्द फुटला नाही. मागची दोन्ही पत्रं लिहितानाही फुटला नाही. "असो" लिहून मोकळी झाले.

आणि तेच वाक्य काल माझ्या तोंडून आलं. तेही कुणाच्या खोलीत, तर आठवड्यापुरत्या भाड्याच्या आगपेटीत, जिचा अर्धा भाग आईंचा आहे.

आई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर परवडलं असतं. पलंगाच्या काठावर बसल्या, पर्स मांडीवर घेतली, जसं कुणाच्या तरी घरी बसायला आलो आहोत. मग म्हणाल्या, "बरं. मग मला जागा दाखव. तिथेच ठेवीन. सांगशील तेवढ्याच जागेत ठेवीन."

अहो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी उठले आणि धावले. ती साफसफाईवाली मुलगी दोन मजले खाली पोचली होती. तिला माझं बोलणं कळेना, मला तिचं. शेवटी मी हातवारे करून मासा दाखवला, तेव्हा ती हसली आणि गाडीवरची मोठी पिशवी माझ्यापुढे ठेवली. बोळाच्या मध्यावर, गालिच्यावर बसून मी त्या पिशवीत कोपरापर्यंत हात घातला. कुणाचे ओले रुमाल, कुणाची सफरचंदाची सालं. येणारे-जाणारे पाय बाजूला घेत होते. जाळं सापडलं, त्याला आता कॉफीचाही वास होता. मी ते तसंच छातीशी धरून वर आले.

आईंनी ते घेतलं, झटकलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी बाहेरच्याच खोलीत होते. बाब्या जे बोलला ते ऐकलं. मी काही बोलले नाही. म्हणून तर आले तुझ्याबरोबर. मला कुठे समुद्र बघायचाय?"

आम्ही दोघीही बराच वेळ रडलो. मग वास सहन होईना म्हणून दार उघडलं.

तर आता मला तुमच्यावर रागवायचा अधिकार आहे की नाही, याचा मी कालपासून विचार करते आहे. आहे. ऐका. तुम्ही टाकलंत, मीही टाकलं. तुम्ही बोललात, मीही बोलले. इथपर्यंत दोघं सारखेच. पण मी दोन मजले खाली धावले. भंगारवाल्याचं गोदाम आपल्या दुकानापासून चार गल्ल्यांवर आहे, आणि तुम्ही एकदाही गेला नाहीत. उलट आईंना विचारता, "अजून रागावली आहे का?"

हो. अजून.

हात साबणाने तीनदा धुऊन बसलेली,
मी


जहाजावरून,
रविवार, १२ मे

अहो,

आज नाश्त्याच्या टेबलावर आईंनी फोन माझ्यापुढे सरकवला. "हे बघ, बाब्याला काय झालंय. मला तर भीती वाटते."

पहिला फोटो बघून मलाही वाटली. भंगाराचा डोंगर, आणि त्याच्या पायथ्याशी तोंडाला मास्क, हातांत रबरी मोजे, डोक्याला ऑपरेशनच्या खोलीतली निळी टोपी घातलेला माणूस. गोदामवाल्याने काढला असावा. तो हसत असणार, फोटो हलला आहे.

मग एकामागून एक. फाटकं बसचं तिकीट, खाली लिहिलेलं, "हे तुझं आहे का?" चॉकलेटची चांदी, "हे तुझं आहे का?" कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा कोपरा. बुटाच्या खोक्याचं झाकण. गंजलेली बिजागरी, शेजारी आकार कळावा म्हणून मोजपट्टी ठेवलेली. हे तुझं आहे का? हे? निदान चाळीस फोटो असतील. तुम्ही दुकान बंद ठेवलंत की काय? तुम्ही तर ताप आला तरी दुकान उघडता.

अहो, खोकं निळं होतं! निळं! तुमच्या शर्टांच्या खालच्या कप्प्यात ते वर्षानुवर्षं होतं, रोज सकाळी तुम्ही त्याच्यावरून हात फिरवून बनियन काढायचात, आणि तुम्ही पिवळ्या नि तपकिरी खोक्यांचे फोटो पाठवताय. माझे वॉशर छोटे होते, तुम्ही ट्रकचे उचललेत. त्या चाळीसांतलं एकही माझं नाही. एकही! आई म्हणाल्या, "बघ की नीट." नीट बघितलं. दोनदा बघितलं. दुसऱ्यांदा बघताना काही दिसेना, डोळे भरून आले होते.

आणि शेवटचा फोटो. तो भंगारातला नाही. आपल्या दुकानाच्या काचेवर, औषधाच्या खोक्यातून काढलेला माहितीचा कागद, घड्या उलगडून, कडा सरळ करून ठेवलेला. खाली तुम्ही लिहिलंय, "तिथे काही मिळालं नाही. हे दुकानातलं आहे. मुदत शिल्लक आहे. चालेल का?"

तुम्हाला आठवतं तर. मला वाटलं होतं, विसरलात. नवीन लग्न झालं तेव्हा, फुटकी बाटली परत करायची असली की तिच्या खोक्यातला तो पातळ कागद तुम्ही शर्टाच्या खिशातून घरी आणायचात. "हे घे, तुझा कागद." रंग लावला की त्यावरची बारीक अक्षरं खालून दिसायची, मला फार आवडायची. मग दुकान वाढलं, तुमचा खिसा पेनांनी भरला. पहिल्या वर्षीचे ते कागद मी वापरले नाहीत, जपून ठेवले होते. त्या निळ्या खोक्यात सगळ्यात खाली तेच होते. हे मी तुम्हाला सांगणार नव्हते. कारण मग तुम्हाला फार वाईट वाटलं असतं, आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी इतकी वर्षं पुष्कळ गोष्टी सांगितल्या नाहीत. यापुढे ते बंद.

तेव्हा आता नीट वाचा. मधे "ते जाऊ दे" म्हणू नका.

पुढच्या खोलीतल्या खिडकीशी जे टेबल आहे, ज्यावर तुम्ही कंपन्यांचे न वाचलेले कॅटलॉग रचून ठेवता, ते रिकामं करा. त्याची अर्धी बाजू माझी, अर्धी आईंची. आईंच्या बाजूला जाळं असेल. वास येईल. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

त्या फोटोंमधली बिजागरी आणि तिकीट ठेवून घ्या. माझं नसलं म्हणून काय झालं, तुम्ही शोधलंय. बाकीचं परत नेऊन टाका आणि घरात शिरण्यापूर्वी हात स्वच्छ धुवा. मी काय सांगते, तुम्हीच आम्हाला हात धुवायला शिकवता.

उद्या बंदरावर आम्हाला घ्यायला याल. बॅगांकडे धावायचं नाही, वजन करायचं नाही, आईंना गोळीचं विचारायचं नाही. आधी माझ्यापुढे उभं राहायचं आणि "आपल्या घरी चल" म्हणायचं. "घरी चल" नाही. पहिला शब्द गिळायचा नाही. आई शेजारी उभ्या राहून ऐकणार आहेत, यावेळी बाहेरच्या खोलीतून नाही. ते नीट ऐकू आलं, की वाटेत स्टेशनरीच्या दुकानापाशी गाडी थांबवा. मी किल्ली परत करून दोन मिनिटांत बाहेर येईन.

ऐकू आलं नाही, तर बॅग वर न्यायला मदत करा. जिने तीन आहेत.

त्या दिवशी घरातून निघताना दारात जे म्हणायचं राहिलं होतं, त्याची आई सारखी आठवण करून देताहेत. बाजूला बसून कोपराने ढोसताहेत, "लिही, लिही." लिहिते आहे, हो. तुमच्या मातोश्रींच्या समाधानासाठी. थोडं माझ्याही.

येते.